सगळ्यांना चालेल असं हॉटेल

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा निरोप, कुणाचं प्रमोशन, कुणाची नवी गाडी असं काही आलं की एक ओळ हमखास पडते : ‘सगळ्यांना चालेल अशा ठिकाणी जाऊ.’ खाली दहा-बारा अंगठे येतात आणि पुढचं न बोलता ठरतं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून सुटायचं, पाथर्डी फाट्यावरून इंदिरानगर नाहीतर सरळ गंगापूर रोड, आणि ज्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलंय तिच्यासमोर गाड्या लावायच्या. अठरा वर्षं मीही त्या ओळीखाली अंगठा देत आलेय. मी जन्माने शाकाहारी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तेव्हा त्या ओळीतले ‘सगळे’ म्हणजे मुख्यतः मी आणि माझ्यासारखे तीन-चार जण, हे लक्षात यायला मला एवढी वर्षं लागली यात नवल नाही. ज्याचा बूट पायाला नीट बसतो तो बुटाचा विचार कशाला करील?

लक्षात आलं ते स्टोअरच्या नानांच्या निरोपाला. नाना कळवणकडचे. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी रात्रपाळीत. साहेबांनी आदराने विचारलं, “नाना, कार्यक्रम तुमचा, ठिकाण तुम्ही सांगा.” नाना हसून म्हणाले, “मटण-भाकरी घाला खाऊ.” सगळे हसले. नानाही हसले, आणि हसता हसताच त्यांनी शब्द मागे घेतला, “नाही हो, गंमत केली. सगळ्यांना चालेल तिथं जाऊ.” त्यांची दुसरी ओळ आम्ही खरी मानली आणि पहिली गंमत. उलटं असेल असं तेव्हा एकाच्याही मनात आलं नाही.

टेबल चौदा जणांचं जोडलेलं. मसाला पापड, मंचाव सूप, हराभरा कबाब हे सगळं न विचारताच येतं. मुख्य जेवणाची ऑर्डर देण्याचा मान नानांना मिळाला. त्यांनी ते जाडजूड मेन्यूकार्ड दोनदा उलटंसुलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कार्ड अकाउंट्सच्या पोराकडे सरकवलं. “तूच सांग बाबा. मला हे सगळं एकच लागतं.”

नानांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. अशा हॉटेलांच्या भटारखान्यात दुपारीच तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, कांदा परतून केलेली तपकिरी, आणि पालकाची हिरवी. ऑर्डर आली की या चारांतल्या एक-दोन डावभर घ्यायच्या, वर पनीर नाहीतर काजू नाहीतर मशरूम टाकायचं, क्रीमची नक्षी काढायची. झाली पनीर तुफानी, झाली काजू करी, झाली व्हेज कोल्हापुरी, जिचा कोल्हापूरशी संबंध पुरावा देऊन सिद्ध करावा लागेल. चाळीस नावं, चार चवी. भरली वांगी नाही, मटकीची उसळ नाही, डुबुकवड्यांचा रस्सा नाही. शेवभाजी असली तर शेवटच्या पानावर. म्हणजे शाकाहाराच्या नावाने नाशिकमध्ये आम्ही जे जेवतो ते आमच्या घरच्या शाकाहारातलंही नसतं. असो, हे माझं जुनं रडगाणं आहे.

मला म्हणायचंय ते वेगळंच. सहकाऱ्यांनी मिळून शाकाहारी हॉटेलात जाणं ही सोय आहे, आणि बहुतेक वेळा चांगली सोय आहे. पण सोयीला सोय म्हणावं. तिला तत्त्वाचा, पावित्र्याचा फेटा बांधू नये. आणि ती सोय ज्याच्या खिशातून निघते त्याचा निदान हिशोब ठेवावा.

आधी सोयीची बाजू, कारण ती खोटी नाही. शाकाहारी माणूस मटण खाऊ शकत नाही, मटण खाणारा मात्र डाळ-भात खाऊ शकतो. चौदांत एकजण जरी शाकाहारी असला तरी त्याच्यासमोर भरलेलं ताट असायला हवं, हे साधं आतिथ्य झालं. आमच्याकडे एक जैन सहकारी आहेत. कांदा-लसूण नाही, चातुर्मासात सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्यांच्यासाठी नुसतं ‘व्हेज मिळतं’ एवढं पुरत नाही, तवा आणि तेलही वेगळं लागतं. ही त्यांची खरी गरज आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांशी माझं पटत नाही.

सोयीचं दुसरं कारण मात्र कुणी उघड बोलत नाही. आमच्या विभागात पाच बायका. आम्ही पाचही जणी ‘प्युअर व्हेज’ म्हणतो तेव्हा त्यात मटणाचा विषय फार थोडा असतो. पाचातल्या तिघी तर घरी आवडीने चिकन करतात. मग? मुंबई-आग्रा हायवेला लागा आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत चला. जिथे ‘नॉनव्हेज’ तिथे बहुतेक वेळा ‘परमिट रूम’. खाली मिणमिणता उजेड, आठनंतर चढत जाणारे आवाज, आणि बायकापोरांसाठी जिन्याने वर किंवा प्लायवूडच्या आडोशाला ‘फॅमिली रूम’. तिच्याकडे जाताना खालची सगळी टेबलं मान वळवून बघतात. एका हॉटेलवाल्याने मला सरळ सांगितलं होतं, “मॅडम, मटणात काय सुटतं? सुटतं ते बाटलीत.” तेव्हा ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी बाईमाणसाला तीन गोष्टी सांगते : इथे मांस नाही, इथे दारू नाही, इथे तुझ्याकडे कुणी टक लावून बघणार नाही. आम्हाला हवी असते ती तिसरी गोष्ट. ती नेमकी पहिलीच्या दावणीला बांधून मिळते.

हा गावाच्या रचनेचा दोष आहे. या शहराला द्राक्षाच्या वाइनची राजधानी म्हणून मिरवायचंय आणि रामकुंडाचं तीर्थक्षेत्र म्हणूनही. या दोन मिरवणुकांच्या मधे, चार बायकांना दिव्याच्या लख्ख उजेडात बसून मासे-भाकरी खाता येईल अशा जागा फार थोड्या उरल्यात. कॉलेज रोडकडे अलीकडे काही निघाल्यात, पण तिथला भाव ऑफिसच्या वर्गणीत बसत नाही. मग आम्ही जातो पनीरकडे आणि नाव देतो संस्कृतीचं.

आता खिशाचा हिशोब. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या (एसआरएस) २०१४ च्या पायाभूत सर्वेक्षणात महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे साधारण ६० टक्के लोक मांसाहारी निघाले होते. म्हणजे दहाच्या टेबलावर सहा. हे सहा जण दर वेळी, वर्षानुवर्षं, बाकीच्या चौघांसाठी आपली आवड घरी ठेवून येतात. त्याबद्दल त्यांना कुणी ‘बरं झालं, जमवून घेतलंत’ असं म्हणत नाही. उलट एखाद्याने ‘एकदा तिकडे जाऊया की’ म्हटलं तर ‘याला नुसतं खायचं सुचतं’ असं होतं. माझ्या लक्षात आलेली गंमत अशी की जमवून घेणं हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. नाना सोमवारी खात नाहीत, एकादशीला उपास, श्रावण पाळतात, नवरात्र पाळतात. ‘आज माझा वार आहे’ हे वाक्य आमच्या कारखान्यात आठवड्यातून चारदा ऐकू येतं. कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, खंडोबावाल्याचा रविवार. वर्षाचे निम्मे दिवस ही माणसं शाकाहारीच असतात, आणि वार नसलेल्या दिवशी शेजारच्याच्या डब्यात काय आहे याचं त्यांना काही वाटत नाही. आमचा एक फिटर माळकरी आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जातो. तो दुपारी जेवतो ते सुकट आणणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून. माळ गळ्यात असते, ती दुसऱ्याच्या ताटावर ठेवायची नसते, हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. मी मात्र जन्मभर एकाच बाजूने जगले. मला कधी कुणासाठी काही सोडावंच लागलं नाही.

डब्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५०हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन लावलं. आमच्या युनिटमध्ये तेवढी माणसं कधी नव्हतीच, त्यामुळे आम्ही डबेवाले. दोन वर्षांपूर्वी क्वालिटीत एक मुलगी आली, सुरगाण्याची. पहिले चार-पाच दिवस आमच्यात बसली. एके दिवशी तिच्या डब्यात बोंबलाची चटणी होती. आमच्यातली एकजण काही बोलली नाही, फक्त उठून तिने खिडकी उघडली. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी मागच्या लोखंडी जिन्यावर बसून जेवायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, “इथं वारं लागतं.” मे महिन्यात, दुपारी एक वाजता, अंबडला वारं! खिडकी उघडणारी मी नव्हते, हे सांगून मला सुटता येणार नाही. उघडी खिडकी मी पाहिली होती आणि रिकामी खुर्चीसुद्धा.

त्या खिडकीत आणि हॉटेलाच्या पाटीत एक धागा आहे, तो म्हणजे ‘शुद्ध’ हा शब्द.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर ठाऊक आहे : ‘अहो, शुद्ध म्हणजे निव्वळ, भेसळ नसलेलं. शुद्ध तूप म्हणतो तसं.’ ठीक. शुद्ध तुपाच्या उलट भेसळीचं तूप. शुद्ध लेखनाच्या उलट अशुद्ध लेखन. मग शुद्ध आहाराच्या उलट काय? पाटीवर ते लिहिलेलं नसतं, वाचणारा आपलं आपण पुरं करतो. नानांनी एकतीस वर्षं पुरं केलं असेल. पाटीला जे सांगायचंय, म्हणजे इथे मांस शिजत नाही, भांडी वेगळी आहेत वगैरे, ते ‘फक्त शाकाहारी’ किंवा ‘संपूर्ण शाकाहारी’ म्हटल्यानेही तंतोतंत पोचतं. जैन सहकाऱ्यांना हवी ती माहिती मिळते आणि कुणावर शिंतोडा उडत नाही. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याला बघा. तो काय आहे तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.

दुसरं उत्तर असं की एका शब्दाचं काय एवढं मनावर घ्यायचं. हे नाशिकमध्ये राहून म्हणवत नाही. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला. त्या काळी दार बंद ठेवणाऱ्यांनी जे कारण दिलं ते एका शब्दात सांगायचं तर हाच शब्द येतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे संविधान आलं, त्याच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांनी हॉटेलाचं नाव उगाच नाही घातलं. जुन्या खाणावळींच्या पाट्यांवर जातीचं नाव असे, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या पाट्या गेल्या. आजच्या शाकाहारी हॉटेलात कुणालाही येता येतं, आणि मालकाने काय शिजवावं हा त्याचा प्रश्न, त्यात कायदा मोडत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की जुन्या पाटीवरचा एक शब्द आपण नव्या पाटीवर तसाच उतरवून घेतला आणि त्याला रंग मात्र हिरवा दिला.

हा शब्द नुसता भिंतीवर बसून राहत नाही, तो चालायला लागतो. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ ग्राहकांसाठी वेगळी तुकडी जाहीर केली, हिरव्या पोशाखातली. जेवण पोचवणाऱ्या पोरांवरच शिक्का बसेल, लाल शर्टवाल्याला सोसायटीच्या फाटकावर अडवतील, अशी ओरड झाली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने वेगळा पोशाख मागे घेतला. बघा, प्रश्न डब्यातल्या जेवणाचा होता आणि चिकटणार होता तो डबा वाहणाऱ्याला. आमच्या जिन्यावरच्या मुलीचं तेच झालं. वास चटणीचा, उठावं लागलं तिला.

यावरून कुणी मला शाकाहाराच्या विरोधात काढू नये. शाकाहारी ताटावर सगळे खरोखर एकत्र येऊ शकतात, आणि त्याचा पुरावा नाशिककराला शोधायला जावं लागत नाही. रविवारी सकाळी कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी जा. मटकी, शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, वरून तर्री, बाजूला पापड, नंतर जिलेबी, आणि हाक मारली की पुन्हा रस्सा. त्यात मांसाचा कणही नसतो. तिथे आमचा फिटर येतो, साहेब येतात, मखमलाबादचे बागाईतदार येतात, आणि ‘काहीतरी सोडून आलो’ असं एकालाही वाटत नाही. कारण तिथे कुणी कुणाच्या सोवळ्यासाठी आलेलं नसतं, मिसळीसाठी आलेलं असतं. समतानंद म्हणून ओळखले गेलेले अनंत हरी गद्रे ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ घालायचे : पूजेला दलित जोडपं बसायचं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांनी मिळून झुणका-भाकर खायची. ताट शाकाहारीच होतं. त्यात जे जळजळीत होतं ते कोण कुणाच्या शेजारी बसलंय यात होतं.

तेव्हा ऑफिसने काय करावं? फार नाही. ज्याचा कार्यक्रम आहे त्याने ठिकाण सांगावं आणि त्याचं पहिलं उत्तर हेच उत्तर धरावं. वर्षात पाच-सहा जेवणं होतात, त्यातली एक-दोन अशा ठिकाणी व्हावीत जिथे दोन्ही मिळतं आणि दोन्हीचे तवे वेगळे आहेत. तिथे शाकाहारी माणसाने शेवभाजी खावी, आणि शेजारच्या ताटात रस्सा आला म्हणून तोंड वाकडं करू नये. ज्याला ते खरोखर सोसत नाही त्याने तसं सांगावं, त्याचा मान ठेवून ठिकाण बदलावं, पण ‘मला जमत नाही’ असं म्हणून. ‘तुमचं घाण’ असं म्हणून नव्हे. बिल चौदांत सारखं वाटताना ज्याने नुसती खिचडी खाल्ली त्याला पनीरवाल्यांचा भार उचलायला लावू नये, त्यापेक्षा ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझं तू माझं मी, बरं. आणि कंत्राटी पोरांना वर्गणी न मागता बोलवावं. हा विषय खरं तर वेगळ्या लेखाचा आहे, कारण त्यांना व्हेज की नॉनव्हेज हे विचारण्याची वेळच येत नाही.

नाना रिटायर झाल्यावर दीड महिन्याने पीएफचा एक कागद घेऊन ऑफिसला आले. मी म्हटलं, “नाना, तुमची पार्टी राहिलीय.” म्हणाले, “झाली की, किती छान झाली.” मी म्हटलं, “ती आमची झाली.” मग एका रविवारी, त्यांचा वार नाही हे विचारून घेऊन, आम्ही सहा जण दिंडोरी रोडच्या पुढे एका घरगुती खानावळीत गेलो. पत्र्याची शेड, ट्यूबलाइटचा भक्क उजेड, मालकीणबाई स्वतः चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. दारू नव्हती. क्वालिटीतली मुलगीही आली होती. मी पिठलं सांगितलं. मालकीणबाईंनी न विचारता माझी कढई वेगळी टाकली आणि म्हणाल्या, “ताई, तुमचा पळा पण वेगळा हाय.” मटणाचा वास आला. पहिली दहा मिनिटं मला जरा जड गेलं, खोटं कशाला सांगू. नंतर नानांनी कळवणच्या बाजाराची एक गोष्ट काढली, गोष्ट लांबली, आणि माझं लक्ष वासावरून कधी गेलं ते कळलं नाही. नानांनी रश्श्यात तिसरी भाकरी कुस्करली. त्या मुलीने माझ्या ताटातला ठेचा उचलून चाखला आणि म्हणाली, “मॅडम, हा काहीच तिखट नाही.”

तिची जागा आता आमच्या टेबलावर आहे. खिडकी मात्र अजून कुणी-कुणी उघडतं.